कधीतरी, कुठेतरी: डोंगराळ भागातला धूर आणि मॉडेलची परीक्षा

नव्या कारखान्याच्या जनसुनावणीआधी जो पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल येतो (यापुढे नुसतं ईआयए, कारण सगळे तेच म्हणतात), त्याच्या हवेच्या प्रकरणात शेवटी एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात गावांची नावं. दुसऱ्यात सध्या मोजलेलं प्रदूषण. तिसऱ्यात कारखाना आल्यावर होणारी वाढ, जी मॉडेलने काढलेली असते आणि बहुतेकदा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत दिलेली असते. चौथ्यात बेरीज. तक्त्याखाली निष्कर्ष, की बेरीज राष्ट्रीय मानकांच्या आत आहे.

सुनावणीला आलेला माणूस काय करतो? आपल्या गावाची ओळ शोधतो. साहजिक आहे. आणि नेमकी तिथेच गोम आहे. डोंगराळ भागात त्या तिसऱ्या रकान्यातला आकडा ज्या मॉडेलने काढलेला असतो, त्या मॉडेलची परीक्षा 'या गावात किती' या प्रश्नावर कधी झालेलीच नाही. ती वेगळ्याच प्रश्नावर झाली आहे. आजचा लेख त्या फरकाबद्दल आहे.

मॉडेलचं नाव एरमॉड. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये ते आपलं अधिकृत मॉडेल म्हणून स्वीकारलं आणि त्याआधीचं आयएससी बाजूला केलं. आपल्याकडच्या ईआयएमध्येही आता बहुतेक ठिकाणी हेच असतं. माझी पीएचडी डोंगराळ भागातल्या रात्रीच्या वाऱ्यांवर आहे. त्यामुळे एरमॉड हे माझं रोजचं हत्यार नाही, पण माझ्या विषयाचा जगात कुठे उपयोग होत असेल तर तो याच तक्त्यात होतो, म्हणून मी त्याच्याकडे जरा जास्तच टक लावून बघते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी एरमॉडला मोडीत काढायला बसले आहे. एरमॉड हे प्रामाणिक मॉडेल आहे. त्याचा कोड खुला आहे, त्यातली प्रत्येक गृहीतकं छापून आलेली आहेत, साध्या लॅपटॉपवर ते वर्षभराचं गणित करतं. माझी तक्रार त्याच्या लेखकांबद्दल फारशी नाही. ते काय म्हणतात आणि आपल्या तक्त्यात ते काय होऊन येतं, या मधल्या प्रवासाबद्दल आहे.

सपाट रानातला लोट

चिमणीतून निघालेला धूर वाऱ्याबरोबर सरळ रेषेत जातो, जाता जाता आडवा आणि उभा पसरतो, आणि मध्यभागी दाट, कडेला विरळ असा घंटेच्या आकाराचा होतो. हा झाला गाउसियन लोट. कल्पना १९३० च्या दशकापासूनची. पण 'किती अंतरावर किती पसरतो' हे आकडे आले कुठून? त्यातले महत्त्वाचे आकडे १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओनील गावाजवळच्या गवताळ रानात झालेल्या प्रयोगातून आले. प्रकल्पाचं नाव प्रेअरी ग्रास. जमिनीलगत, जेमतेम अर्धा मीटर उंचीवरून सल्फर डायऑक्साइड दहा-दहा मिनिटं सोडायचा आणि ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मीटरच्या कमानींवर तो मोजायचा. जागा मुद्दाम सपाट निवडली होती, कारण त्यांना फक्त पसरण्याचा अभ्यास करायचा होता. डोंगर, दरी, समुद्र यांची भानगड नको होती. प्रयोग म्हणून उत्कृष्ट. आजही कुठलंही नवीन मॉडेल आलं की त्याला आधी या कमानींवरून चालवून बघतात.

पण सह्याद्रीच्या पायथ्याशी नेब्रास्का नाही.

डोंगर आला की पहिला प्रश्न असा: लोट डोंगरावरून जाणार, की डोंगराला धडकणार, की वळसा घालून जाणार? दिवसा, हवा ढवळलेली असताना, लोट बहुधा उतार चढून वरून जातो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होते, वरची तुलनेने हलकी राहते. अशा थरांच्या हवेला वर ढकललं तर ती परत खाली येऊ बघते. वर चढायला ताकद लागते, आणि ती ताकद वाऱ्याच्या वेगातूनच यावी लागते. वारा मंद असेल तर खालच्या थरातली हवा डोंगर चढूच शकत नाही. ती बाजूने जाते, किंवा समोरच्या उताराला जाऊन चिकटते.

कुठल्या उंचीखालची हवा चढू शकत नाही, याचं एक सुंदर सोपं सूत्र आहे. मुळातली कल्पना शेपर्ड यांची, १९५६ ची (तेच वर्ष, योगायोग). पुढे हंट आणि स्नायडर यांनी मिठाच्या पाण्याचे थर केलेल्या टाकीत छोट्या टेकड्यांवर ती तपासली. वाऱ्याचा वेग भागिले (हवेच्या स्थिरतेचं माप गुणिले डोंगराची उंची), हा झाला फ्रूड अंक. एकातून तो वजा करा, उरलेल्याला डोंगराच्या उंचीने गुणा. जी उंची आली तिच्याखालची हवा वळसा घालणार, वरची हवा ओलांडून जाणार.

आकडे घालून बघू. डोंगर ३०० मीटरचा. हिवाळ्यातली निरभ्र रात्र, स्थिरतेचं माप ०.०२ प्रतिसेकंद, म्हणजे वर गेलं तरी तापमान जवळजवळ तेवढंच, किंचित वाढणारं. वारा सेकंदाला २ मीटर. स्थिरता गुणिले उंची झाली ६. फ्रूड अंक ०.३३. सीमारेषा २०० मीटरवर. चिमणी आणि तिच्या गरम धुराची उसळी धरून लोट १५० मीटरवर असेल, तर तो डोंगर ओलांडणार नाही. आता फक्त वारा बदला, २ चा ५ करा. फ्रूड अंक ०.८३, सीमारेषा ५० मीटरवर, आणि तोच लोट आरामात पलीकडे. वाऱ्यात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला, तर डोंगराच्या अलीकडचं गाव की पलीकडचं गाव हे उत्तरच पालटलं. डोंगराळ भागातलं मॉडेलिंग अवघड का, याचं माझ्या मते हे सगळ्यात छोटं उदाहरण आहे.

हे सगळं खऱ्या टेकडीवर बघण्यासाठी १९८० च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या आयडाहो राज्यात बॉइसीजवळच्या सिंडर कोन ब्यूट नावाच्या टेकडीवर प्रयोग झाला. उंची सुमारे १०० मीटर, आकार जवळजवळ गोल, आजूबाजूला सपाट माळ. रात्रीच्या स्थिर हवेत क्रेनच्या टोकावरून मागोवा लागेल असा वायू आणि दिसेल असा तेलाचा धूर सोडला, टेकडीभर नमुने घेणारी यंत्रं लावली आणि शेजारी १५० मीटरचा मनोरा उभा केला. सीमारेषेची कल्पना बऱ्यापैकी खरी ठरली.

एरमॉडने हीच कल्पना घेतली, पण मधला मार्ग काढून. त्यात दोन लोट असतात. एक आडवा, जो डोंगराला जाऊन भिडतो. दुसरा जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे वर-खाली होणारा. सीमारेषेच्या खाली किती धूर आहे त्यावरून दोघांचं वजन ठरतं आणि सरासरी निघते. सगळा धूर सीमारेषेखाली असेल तर पूर्ण वजन आडव्या लोटाला. हवा ढवळलेली असेल तर दोघांना निम्मं-निम्मं. आता, निम्मा डोंगरात घुसलेला आणि निम्मा डोंगरावर चढलेला लोट निसर्गात नसतो. पण सरासरी म्हणून, एकट्या टेकडीच्या बाबतीत, हे चालून जातं. मलाही मान्य आहे.

जे चालून जात नाही ते वेगळं आहे. प्रत्येक तासाला एरमॉड संपूर्ण परिसरासाठी वाऱ्याची एकच दिशा धरतं. लोट सरळ जातो. कारखाना डोंगराच्या अलीकडे आणि गाव पलीकडे असेल, तर मधला डोंगर त्या गावाच्या खात्यावर उंचीचा एक आकडा म्हणून जमा होतो. तो वाटेत आडवा उभा आहे, वारा त्याच्यापाशी वळतो, हे मॉडेलला कळतच नाही. नदीचं खोरं वळलं म्हणून लोट वळत नाही. आणि प्रत्येक तास कोरा: मागच्या तासाचा धूर कुठे साचला होता याची आठवण पुढच्या तासाला नसते. सेकंदाला १ मीटर वाऱ्यात धुराला १० किलोमीटर जायला पावणेतीन तास लागतात, पण मॉडेल पहिल्याच तासात त्याला दहाव्या किलोमीटरवर पोहोचवतं.

नावं फाडलेली गुणपत्रिका

एवढं असून हे मॉडेल पास कसं झालं? मला हा भाग सगळ्यात रोचक वाटतो, आणि याबद्दल मराठीत कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

समजा एका शिक्षिकेने परीक्षेआधीच वर्गातल्या ४० मुलांचे गुण वर्तवले. निकाल लागल्यावर तिची परीक्षा दोन प्रकारे घेता येईल. एक, प्रत्येक मुलाच्या नावासमोर तिचा अंदाज आणि खरे गुण ठेवायचे. दोन, दोन्ही याद्यांवरची नावं फाडून टाकायची, दोन्ही उतरत्या क्रमाने लावायच्या आणि पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा ताडून बघायचा. दुसऱ्या परीक्षेत ती उत्तम पास होऊ शकते, जरी तिने पहिला येणारा म्हणून सांगितलेला मुलगा नापास झालेला असला तरी. वर्गात एकाला ९५ पडतील एवढं तिचं बरोबर. कोणाला, ते चूक.

एरमॉडची मुख्य परीक्षा दुसऱ्या प्रकारची आहे. २००५ मध्ये त्याच्या लेखकांनी १७ ठिकाणच्या मोजमापांशी ते ताडून पाहिलं. त्यात न्यूयॉर्कमधलं लव्हेट, नेवाडातलं ट्रेसी, मेरीलँडमधलं वेस्टव्हॅको अशी डोंगराळ ठिकाणंही होती. मोजलेली मूल्यं एका यादीत, मॉडेलची दुसऱ्या यादीत, दोन्ही उतरत्या क्रमाने. सोबतीला वरच्या २६ मूल्यांवरून काढलेलं एक 'भरवशाचं कमाल मूल्य'. तास आणि जागा यांची जोडी नाही. म्हणजे १२ जानेवारीच्या पहाटे पूर्वेच्या टेकडीवर मोजलेलं कमाल मूल्य आणि मॉडेलने ४ ऑगस्टच्या दुपारी पश्चिमेला दाखवलेलं कमाल मूल्य जुळलं, तर मॉडेल पास. (या दोन तारखा मी समजावण्यासाठी घेतल्या आहेत.)

हे कोणी लपवलेलं नाही. अमेरिकेच्या त्या संस्थेची मॉडेल वापरण्याबद्दलची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यातच आपल्या शब्दांत सांगायचं तर असं म्हटलंय: परिसरात कधीतरी, कुठेतरी येणारं कमाल मूल्य ही मॉडेलं बऱ्यापैकी सांगतात, चूक साधारण १० ते ४० टक्क्यांची. पण ठरावीक वेळी ठरावीक जागी किती, याबद्दलचा त्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांचा मेळ फारसा बसत नाही. वाऱ्याच्या दिशेत नुसती ५ ते १० अंशांची अनिश्चितता असली तरी एका जागेच्या मूल्यात २० ते ७० टक्क्यांची चूक येऊ शकते, असंही तिथे आहे.

स्थिर रात्री तर त्याहूनही वाईट. प्रचलित सूत्रानुसार अतिस्थिर हवेत ५ किलोमीटरवर लोटाची आडवी रुंदी (सांख्यिकीतलं प्रमाण विचलन) साधारण १६० मीटर असते. धूर फारसा पसरत नाही, दोरीसारखा जातो. दिशा ५ अंशांनी चुकली की ५ किलोमीटरवर ही दोरी ४४० मीटर सरकते. मध्यभागी असलेल्या वस्तीच्या जागी मग मूळ मूल्याच्या तीनेक टक्केच उरतात. आणि वाऱ्याचा जो गुलाब अहवालात छापतात, त्याच्या १६ पाकळ्यांमधली प्रत्येक पाकळी साडेबावीस अंशांची असते.

आता परत तक्त्याकडे या. गावाचं नाव, समोर वाढीचा आकडा, दोन दशांश स्थळांपर्यंत. फाडलेली नावं कुणीतरी परत चिकटवली आहेत. मॉडेलच्या कर्त्यांनी ज्याची हमी दिली ते 'कधीतरी, कुठेतरी' होतं. तक्ता म्हणतो 'इथे, एवढं'.

'कमाल मूल्य मर्यादेत आहे ना, मग झालं!'

यावर येणारा प्रतिवाद मजबूत आहे, तो टाळून चालणार नाही. नियामकाला गावागावाचा आकडा नकोच आहे. सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. संपूर्ण परिसरातलं कमाल मूल्य, मग ते कुठेही असो, मर्यादेच्या खूप खाली असेल तर सगळीच गावं सुरक्षित. ठिकाण चुकलं तर बिघडलं काय?

तत्त्व म्हणून बरोबर. सपाट विदर्भात, एकट्या उंच चिमणीसाठी, मी हा युक्तिवाद मान्य करीन. डोंगरात तो दोन ठिकाणी अडकतो.

पहिलं, कमाल मूल्य बरोबर येण्याचा जो अनुभव आहे, तो चांगल्या मोजमापांवर उभा आहे. सिंडर कोन ब्यूटला १५० मीटरचा मनोरा होता. आपल्याकडच्या अहवालात बहुधा एका हंगामाची, जमिनीजवळची, एका जागेची नोंद असते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून कुठलाही चालतो. मार्च ते मेमध्ये मोजलं तर कोकणात खारे वारे जोरात असतात, हवा खेळती असते. डिसेंबर-जानेवारीची दरीतली रात्र त्या नोंदीत येतच नाही. आणि हो, त्या १७ ठिकाणांत पश्चिम घाटासारखं एकही नाही: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हजार मीटरची भिंत, मध्ये खोऱ्यांची जाळी.

दुसरं, शांत तास. वारा इतका मंद की यंत्र शून्य दाखवतं, अशा तासाला मॉडेल काय करतं? लोटाच्या सूत्रात वाऱ्याचा वेग भागाकारात असतो. शून्याने भागता येत नाही. म्हणून एरमॉड त्या तासाचं प्रदूषण शून्य धरून पुढे जातं. २४ तासांची सरासरी काढताना उरलेल्या तासांची बेरीज घेतात आणि तिला उरलेल्या तासांच्या संख्येने किंवा १८ ने, जे मोठं असेल त्याने भागतात. म्हणजे दिवसात १० तास शांत असले, तर १४ तासांची बेरीज भागिले १८. दहापैकी सहा तास हिशेबातून गायब आणि चार तास चक्क स्वच्छ हवेचे म्हणून जमा. चोवीसच्या चोवीस तास शांत असतील तर त्या दिवशीचं प्रदूषण शून्य.

दरीत राहणाऱ्या कोणालाही विचारा, धूर कधी डोळ्याला झोंबतो. पानही हलत नाही तेव्हा.

नियम करणाऱ्यांची अडचण मला समजते. सूत्र तिथे लागूच होत नाही, मग काहीतरी करावं लागतं. पण 'लागू होत नाही' आणि 'शून्य' यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि खोऱ्यातल्या वस्तीचं सगळं म्हणणं त्याच अंतरात आहे.

कोलंबिया नदीचं खोरं

आता जुनं प्रकरण, कारण डोंगरातला धूर सरळ रेषेत जात नाही हे कळायला कुठल्याही संगणकाची गरज पडली नव्हती.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल नावाचं गाव आहे. कोलंबिया नदीच्या खोल, वळणावळणाच्या खोऱ्यात शिसं आणि जस्त गाळण्याचा मोठा कारखाना. अमेरिकेची सीमा तिथून दहा-अकरा किलोमीटर दक्षिणेला. १९२५ आणि १९२७ मध्ये कारखान्याने ४०९ फुटांच्या दोन चिमण्या बांधल्या. उंच चिमणी म्हणजे धूर दूर, हा तेव्हाचाही उपाय. धूर दूर गेला खरा: खोऱ्याने खाली, सीमा ओलांडून वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर आणि जंगलांवर. प्रकरण दोन देशांच्या लवादापुढे गेलं, त्याचे निर्णय १९३८ आणि १९४१ मध्ये आले. पर्यावरण कायदा शिकणाऱ्यांना ट्रेल माहीत असतं ते 'एका देशाने दुसऱ्याला धूर पाठवू नये' या तत्त्वासाठी. माझ्या विषयात ते वेगळ्याच गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे.

लवादाने खोऱ्यात सल्फर डायऑक्साइड नोंदवणारी यंत्रं बसवली. नोंदी बघताना एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी, सूर्य वर आल्यावर, प्रदूषण एकदम वाढायचं, आणि ते कारखान्याजवळच्या आणि दूरच्या यंत्रांवर जवळजवळ एकाच वेळी. सीमेपलीकडचं नॉर्थपोर्ट तर ट्रेलपासून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर. धूर चिमणीतून निघून वाऱ्याने येत असता तर आधी जवळ, मग दूर, असा क्रम दिसायला हवा होता.

उकल अशी. रात्रभर उतारांवरची थंड हवा खोऱ्यात उतरते. शाळेच्या भूगोलात आपण 'पर्वतीय वारे' शिकलो ते हेच. खोऱ्यात थंड हवेचं तळं होतं, वर उबदार हवेचं झाकण. या झाकणाजवळ धूर पातळ थरात नदीच्या वळणांप्रमाणे मैलोन् मैल पसरत जातो. खाली जमिनीवर काहीच कळत नाही, यंत्र स्वच्छ हवा दाखवतं. सकाळी ऊन जमिनीवर पडलं की हवा खालून ढवळायला लागते, ढवळणं वाढत वाढत त्या थराला भिडतं, आणि रात्रभर वर साठलेला धूर संपूर्ण खोऱ्यात एकदम खाली येतो. याला फ्युमिगेशन म्हणतात. आपल्याकडे 'धुरी' म्हणतो तोच शब्द. अख्ख्या खोऱ्याला एकाच वेळी धुरी.

हे एरमॉडमध्ये घालून बघा. सकाळी ७ च्या तासात कालच्या रात्री २ चा धूर अस्तित्वातच नाही. खोरं वळतं, लोट वळत नाही. रात्रीचे बरेच तास शांत म्हणून शून्य. १९३० च्या दशकात नोंदपट्टीवर जे दिसलं, ते मॉडेलच्या रचनेत दिसूच शकत नाही. मॉडेलचे कितीही चांगले आकडे भरा, नेमकी ही घटना त्यातून निसटणार, आणि डोंगरातल्या खोऱ्यांत जमिनीवरची वाईट मूल्यं येतात ती पुष्कळदा याच घटनेमुळे. अमेरिकेतल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये २० माणसं मेली तीही नदीच्या खोऱ्यावर बसलेल्या अशाच झाकणाखाली.

आमच्या कळपाबद्दल

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग तुमच्यासारखी मोठी मॉडेलं वापरा. खोऱ्यातला वारा, रात्रीचा थंड प्रवाह, सगळं त्रिमितीत काढा, त्यात धुराचे कण सोडा. मी तेच करते, डब्ल्यूआरएफ नावाच्या हवामान मॉडेलने. आणि त्याच्याबद्दलही मला तेवढंच संशयाने बोलावं लागेल.

डब्ल्यूआरएफमध्ये जमीन चौकटींमध्ये मोजतात. पण ३ किलोमीटरची चौकट घेतली म्हणून ३ किलोमीटरचं खोरं दिसत नाही. मॉडेल ज्या सगळ्यात छोट्या आकाराला न्याय देऊ शकतं तो चौकटीच्या साधारण सातपट असतो. दोन किलोमीटर रुंदीचं खोरं (कोकणात अशी ढिगाने आहेत) नीट दिसायला ३०० मीटरपेक्षाही लहान चौकट हवी. तेवढ्या बारीक चौकटीत ढवळणाऱ्या हवेची नेहमीची सूत्रं डळमळायला लागतात. शिवाय सह्याद्रीचे कडे जसेच्या तसे घातले तर मॉडेल कोसळतं, म्हणून ते घासून गुळगुळीत करावे लागतात. घासलेल्या सह्याद्रीवरून रात्रीची थंड हवा वेगळीच उतरते.

आणि आमची चित्रं सुंदर असतात, हा आणखी एक धोका. रंगीत धूर खोऱ्यातून सरकतोय, पहाटे साचतोय, सकाळी पसरतोय. बघणारा मान डोलावतो. एरमॉडचा तक्ता निदान कोरडा असतो, त्याच्यावर शंका घेता येते. आमच्या चित्रफितीवर शंका घ्यायला लोक लाजतात. खोऱ्यात उभ्या मोजमापांचा एकही मनोरा नसताना ती चित्रफीत बरोबर आहे हे मी कशावरून सांगणार? अमुक गावात अमुक इतकं, असं तीही सांगू शकत नाही. फार तर एवढं सांगू शकते, की या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री धूर अडकण्याची शक्यता आहे, तेव्हा तिथे जाऊन मोजा.

माझं मत विचाराल तर एवढं सांगणंसुद्धा तक्त्यातल्या दोन दशांश स्थळांपेक्षा जास्त कामाचं आहे. जनसुनावणीत विचारायचे प्रश्न त्यातून निघतात: हवामानाची नोंद कुठल्या महिन्यांतली, खोऱ्याच्या तळातली की माथ्यावरची? वर्षातले किती तास शांत म्हणून शून्य धरले, आणि त्यातले किती रात्रीचे? गावाच्या ओळीतला आकडा कमाल मूल्याच्या तुलनेत इतका कमी आहे तो वारा तिकडे जात नाही म्हणून, की दोरी ४०० मीटर बाजूने गेली म्हणून? मराठी सारांशात यातलं काही नसतं. मूळ इंग्रजी अहवालाच्या जोडपत्रांत मात्र बऱ्याचदा सापडतं, शोधायची चिकाटी हवी.

चिमणीच्या उंचीचंही विचारायला हरकत नाही. आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडसाठी चिमणीची किमान उंची काढण्याचं सूत्र असं आहे: ताशी किती किलो वायू निघणार त्याचा ०.३ वा घात, गुणिले १४. ताशी १०० किलो असेल तर साधारण ५६ मीटर. या सूत्रात वारा नाही, डोंगर नाही, दरी नाही. नांदेडच्या माळावर ५६, सावित्रीच्या खोऱ्यातही ५६.

ट्रेलच्या लवादाकडे यातलं कुठलंच मॉडेल नव्हतं. १९४१ च्या निर्णयात त्यांनी कारखान्याला एक वेळापत्रक घालून दिलं. दर तासाला जास्तीत जास्त किती गंधक सोडायचं हे त्यात ठरवलेलं आहे, आणि ते वारा, हवेचं ढवळणं, पिकांचा हंगाम आणि दिवसाची वेळ यांवर अवलंबून आहे. दिवसाचे त्यांनी पाच भाग केले: मध्यरात्र ते पहाटे ३, पहाटे ३ ते सूर्योदयानंतरचे ३ तास, तिथून सूर्यास्ताआधी ३ तासांपर्यंत, मग सूर्यास्तापर्यंत, आणि सूर्यास्त ते मध्यरात्र. धुरीच्या वेळेचा भाग त्यात वेगळा काढलेला आहे.